पानगळ नसलेली वेल

विषयाचं नाव ऐकून संयोजकांपैकी एकाने मला विचारलं, "सर, प्लास्टिकच्या वेलीला कसला आलाय इतिहास?" प्रश्न वाजवी आहे. अड्याळच्या बाजारात जा, पवनीला जा, भंडाऱ्याला जा, सजावटीच्या कुठल्याही दुकानात ही वेल टांगलेली दिसते. हिरवी, गुळगुळीत, सहा-सात फूट लांब. डझनाचा गठ्ठा मिळतो. लग्नाच्या स्टेजवर ती असते, गणपतीच्या मागे असते, नाश्त्याच्या हॉटेलात छताला असते आणि आता घरातल्या हॉलमध्ये टीव्हीच्या चौकटीभोवतीही असते. मोबाइलवरून मागवली तर डब्यावर 'ट्रॉपिकल' असा शब्द छापून येतो. आयुष्यभर मी तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे एक खोड लागली आहे. जी वस्तू सगळीकडे दिसते आणि तरी कुणी तिच्याकडे बघत नाही, तिच्यापाशी थांबावंसं वाटतं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे मध्येच कुणाला उठावं लागलं तरी चुकल्यासारखं होणार नाही. खोटी फुलं, खोटी पानं, खोट्या वेली आपल्याकडे नव्या नाहीत. दोन हजार वर्षांपासून आहेत, आणि त्यात कुणाला कमीपणा वाटला नाही. नवं काय आहे, तर ही वेल संपत नाही. तिला पानगळ नाही आणि तिचं निर्माल्य होत नाही. हा फरक कसा पडला, कुणाच्या हातून पडला आणि त्याची किंमत कुणी मोजली, ते आज बघू.

सगळ्यात जुन्या वेली दगडातल्या. मध्यप्रदेशात सतना जिल्ह्यात भारहूत आहे. तिथल्या स्तूपाचे अवशेष १८७३ मध्ये कनिंगहॅमला सापडले; बरेचसे आज कोलकात्याच्या संग्रहालयात आहेत. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमाराचं हे काम. कठड्याच्या वरच्या पट्टीवर एक वेल नागमोडी फिरत जाते, आणि तिला फुलांबरोबर दागिने लागलेले आहेत! हार, कर्णभूषणं, वस्त्रं. हीच ती कल्पलता. मागाल ते देणारी. आणि फार लांब जायला नको, आपल्याच तालुक्याचं ठिकाण असलेलं पवनी बघा. जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी उत्खनन केलं. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांनी त्याचा अहवाल लिहिला. तिथेही स्तूप निघाला, कोरीव स्तंभ निघाले, वृक्षपूजेची शिल्पं निघाली, मुचलिंद नाग निघाला. म्हणजे आपल्या या झाडीत, वैनगंगेच्या काठी, दोन हजार वर्षांपूर्वी माणसं घनदाट जंगलाच्या शेजारी राहत होती आणि तरीही त्यांना दगडात झाड कोरावंसं वाटलं. खरं झाड बाजूला असताना. हे लक्षात असू द्या.

मग कामसूत्राची यादी. वात्स्यायनाच्या चौसष्ट कलांमध्ये 'माल्यग्रथनविकल्प' म्हणजे माळा ओवण्याचे प्रकार येतात, 'पुष्पास्तरण' येतं, 'शेखरकापीडयोजन' म्हणजे डोक्यावरच्या गजऱ्या-तुऱ्यांची मांडणी येते. फुलांची रचना ही नागरकाने शिकायची गोष्ट होती. खऱ्या फुलांचीच, असं तुम्ही म्हणाल. तर प्लिनीचं ऐका. रोमचा हा ज्ञानकोशकार इसवी सनाच्या पहिल्या शतकातला. 'नॅचरल हिस्टरी' या ग्रंथाच्या एकविसाव्या भागात तो माळा आणि मुकुटांचा इतिहास सांगतो. हिवाळ्यात रोममध्ये फुलं मिळत नसत, तेव्हा शिंगाच्या पातळ चकत्या रंगवून त्यांचे मुकुट करत. आणि पुढे तो कुरकुर करतो, की आता लोकांना हिंदुस्थानातून, नव्हे त्याच्याही पलीकडून माळा मागवायच्या असतात. जटामांसीच्या पानांच्या, नाहीतर रंगीबेरंगी रेशमाच्या, सुगंधात भिजवलेल्या. म्हणजे बघा मंडळी, खोटी फुलं परदेशातून मागवण्याची चैन दोन हजार वर्षांची आहे. फक्त तेव्हा माल उलट्या दिशेने जात होता.

आता आपल्या घरात येऊ. इथे मला जरा रेंगाळायचं आहे.

महालक्ष्म्यांचा फुलोरा ठाऊक नाही असं घर विदर्भात विरळा. पश्चिम महाराष्ट्रात गौरी म्हणतात, आपण महालक्ष्म्या म्हणतो. तीन दिवसांच्या पाहुण्या. त्यांच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगायची आणि तिच्यावरून दोऱ्याने सोडायचा फुलोरा. शब्दाचा अर्थच मोहोर, बहर. पण एकही फूल नाही! करंज्या, साटोऱ्या, पापड्या. कणकेची वेणी, कणकेची फणी. सगळं तळलेलं. तळताना प्रत्येकाला भोक ठेवायचं, दोरा ओवता आला पाहिजे. आणि इतकं खुसखुशीत करायचं नाही की वजनाने तुटून देवीच्या डोक्यावर पडेल. माझी आई त्या बाबतीत फार कडक होती; करंजी टांगून बघायची, तुटली तर आम्हा पोरांना मिळायची. त्यामुळे आम्ही करंज्या तुटाव्यात म्हणून प्रार्थना करायचो. हा फुलोरा म्हणजे दुसरं काय आहे? छताला टांगलेली कृत्रिम वेल. पिठाची. आणि तिसऱ्या दिवशी विसर्जन झालं की ती वेल आळीभर वाटून खाऊन टाकायची.

तिकडे गोव्यात आणि कोकणात चतुर्थीला माटोळी बांधतात. ती याच्या बरोबर उलट. गणपतीच्या वर लाकडी चौकट, आणि तिला रानातल्या खऱ्या वेली, खरी फळं: कवंडळ, सुपारीचे घोस, नारळ, कांगण्या, काय हाताला लागेल ते. गोवा सरकारचं कला आणि संस्कृती खातं माटोळीच्या स्पर्धा घेतं, आणि त्यात शेकडो प्रकारच्या वनस्पती बांधलेल्या असतात. म्हणजे घराचं छत वेलींनी झाकायचं ही हौस आपली जुनीच. आजच्या डब्यावरचा 'ट्रॉपिकल' शब्द वाचून कुणाला वाटेल की हे काहीतरी अमेरिकेतून आलं. हौस इथलीच आहे. एकीकडे खऱ्या वेली, एकीकडे पिठाच्या. पण दोन्ही त्या सणापुरत्या.

तिसरं उदाहरण बाशिंगाचं. बाशिंग कशाचं करत? भेंडाचं. भेंड ही पाणथळ जागी, दलदलीत वाढणारी वनस्पती. तिच्या दांड्याच्या आत पांढराशुभ्र, हलका, स्पंजासारखा गाभा असतो. धारदार सुरीने तो गाभा फिरवत फिरवत सोलला की कागदासारखा पापुद्रा निघतो. त्याच्या पाकळ्या, कळ्या, पानं. वर बेगड, मणी, रंगीत कागद. बंगालात मालाकार हाच गाभा वापरून नवरदेवाचा टोपोर करतात. तिथे या वनस्पतीला शोला म्हणतात, आणि साहेबाची ती उन्हाळी टोपी याच गाभ्याची. लोक तिला 'सोलर टोपी' म्हणायचे, जणू सूर्यावरून नाव पडलं. नाव पडलंय दलदलीतल्या झाडावरून. आपल्याकडे जिनगर मंडळी, ज्यांचं मूळ काम घोड्याच्या जिनांचं, त्यांनी राज्यं गेल्यावर आणि घोडे कमी झाल्यावर मखरं आणि कागदाची कामं हाती घेतली. शेजारी छत्तीसगडात छिंदाच्या पानांचा मौर करतात. आणि मुंडावळ्या? त्या तर कपाळावरून खाली सोडलेल्या दोन वेलीच. फुलांच्याही असतात, मोत्यांच्याही. कुठल्याही पुरोहिताने आजवर "मोत्याच्या मुंडावळ्या म्हणजे खोटी फुलं, लग्न लागणार नाही" असं म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही.

हे सगळं का सांगतो? कारण या विषयावर बोलताना लोक चटकन म्हणतात, "नैसर्गिक ते चांगलं, कृत्रिम ते वाईट." आपल्या परंपरेने अशी रेघ कधी ओढलीच नाही. तिने ओढलेली रेघ निराळी होती. वाहिलेलं फूल दुसऱ्या दिवशी निर्माल्य होतं. निर्माल्य म्हणजे कचरा नव्हे बरं का. त्याला पाय लागू द्यायचा नाही, ते पाण्यात नाहीतर झाडाच्या बुंध्याशी ठेवायचं. त्याचं काम झालं, आता त्याला जाऊ द्यायचं. फुलोरा खाल्ला जातो. माटोळी उतरते. आपल्या झाडीत लग्नाच्या मांडवावर जांभळीच्या डहाळ्या टाकतात, त्या चार दिवसांत वाळून कुरकुरायला लागतात, आणि वरात परतली की मांडव उसवतात. भेंडाचं बाशिंग घरात कुठेतरी आढ्याला टांगून राहायचं, पण उंदीर, धूर आणि ओल मिळून दोन-चार पावसाळ्यांत त्याचा हिशेब करायचे. खरं असो की खोटं, प्रत्येकाला शेवट होता.

इथे माझ्या विषयातली एक गोष्ट सांगतो, लगेच परत येतो. नवव्या शतकात काश्मीरमध्ये शंकुक नावाचा विचारवंत होऊन गेला. त्याचं मत आपल्याला अभिनवगुप्तामुळे कळतं. शंकुकाने 'चित्रतुरग' म्हणजे चित्रातल्या घोड्याचा दृष्टान्त दिला. भिंतीवर घोडा काढलेला आहे, आपण म्हणतो "हा घोडा." हे ज्ञान कसलं? खरं म्हणावं तर तो घोडा नाही. खोटं म्हणावं तर आपण फसलेलो नाही. संशय म्हणावा तर मनात संशय नाही. 'घोड्यासारखं काहीतरी' म्हणावं तर तसंही आपण म्हणत नाही, सरळ 'घोडा' म्हणतो. शंकुक म्हणतो, हे या चारही प्रकारांहून वेगळं ज्ञान आहे, आणि नाटकातला राम आपण असाच ओळखतो. फुलोऱ्याची वेणी बघताना आपण याच जागी असतो. ती वेणी आहे आणि करंजीची भावंडही आहे, दोन्ही आपल्याला ठाऊक आहे, म्हणूनच गंमत आहे. प्लास्टिकच्या वेलीची जाहिरात बघा. ती म्हणते, "अगदी खरीखुरी वाटते, पाहुणे हात लावून बघतात." म्हणजे तिला चित्रातला घोडा व्हायचं नाही, तिला तुमच्या पाहुण्याला फसवायचं आहे. शंकुकाच्या चार खान्यांतल्या दुसऱ्या खान्यात ती स्वखुशीने जाऊन बसते.

ही 'खरी वाटावी' अशी हौस मोठ्या प्रमाणावर कुठे वाढली? युरोपात, एकोणिसाव्या शतकात. पॅरिस आणि लंडनमध्ये बायकांच्या टोप्यांवर, पोशाखांवर, केसांत कापडाची फुलं आणि पानं घालण्याची फॅशन आली. फुलं जमत होती, पण पानांचा ताजा हिरवा रंग साधेना. शेवाळी व्हायचा, विटायचा. १७७५ मध्ये शील नावाच्या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने तांबं आणि सोमल यांच्यापासून एक झगझगीत हिरवा रंग बनवला होता. पुढे १८१४ मध्ये त्याहून उजळ असा दुसरा रंग आला, तोही तांबं आणि सोमल यांचाच. सोमल म्हणजे आर्सेनिक, उंदीर मारायचं विष. या रंगाने पान हुबेहूब झालं.

लंडनमध्ये माटिल्डा शॉयरर नावाची १९ वर्षांची मुलगी कृत्रिम फुलांच्या कारखान्यात कामाला होती. कापडी पानांवर हिरवी पूड भुरभुरवणं हे तिचं काम. दिवसभर ती पूड श्वासात जायची, हाताला लागायची, त्याच हाताने जेवण. नोव्हेंबर १८६१ मध्ये ती वारली. चौकशीत नोंद झाली की शेवटी तिच्या डोळ्यांचा पांढरा भाग हिरवा झाला होता, आणि तिने डॉक्टरांना सांगितलं की जिकडे बघते तिकडे हिरवं दिसतं. पुढच्याच वर्षी हॉफमन या नामांकित रसायनशास्त्रज्ञाने 'टाइम्स' मध्ये लिहिलं. नाचाच्या समारंभात बायका डोक्यावर जे हिरव्या पानांचे मुकुट घालतात, त्यातल्या एकेका मुकुटात वीस माणसांना पुरेल इतकं विष आहे, असा त्याचा हिशेब होता. घालणाऱ्या बाईला पुरळ यायचं. करणारी मुलगी मरायची.

पन्नास वर्षांनी तेच न्यूयॉर्कमध्ये. विष नव्हतं, पण काम घरोघर वाटलेलं. इटालियन मजुरांच्या चाळवजा घरांत आई, आजी आणि चार-पाच वर्षांची लेकरं टेबलाभोवती बसून पाकळ्या सुट्या करायची, देठाला चिकटवायची. मजुरी ग्रोसवर, म्हणजे १४४ फुलांवर, काही सेंट. लुईस हाइन या छायाचित्रकाराने त्यांची छायाचित्रं काढली. ती आजही बालमजुरीविषयीच्या पुस्तकांत छापली जातात. मेरी व्हॅन क्लीक यांनी १९१३ मध्ये या कामकरी बायकांवर एक आख्खं पुस्तक लिहिलं. फूल कायमचं टिकावं म्हणून कुणाचं तरी बालपण त्यात चिकटवलं गेलं होतं.

आता 'ट्रॉपिकल' शब्दाकडे वळतो, कारण वेल ज्याची नक्कल करते ते जंगल कुठलं, हा प्रश्न राहिलाच आहे. आपण बसलो आहोत ती जागा उत्तर अक्षांश २१ अंशांच्या आसपास. कर्कवृत्त साडेतेवीसवर. म्हणजे आपण उष्णकटिबंधात, अगदी भूगोलाच्या पुस्तकाप्रमाणे, 'ट्रॉपिकल' माणसं आहोत. आणि आपलं जंगल? उमरेड-पवनी-कऱ्हांडल्याचं अभयारण्य शेजारी आहे. मार्चमध्ये जाऊन बघा. साग उघडा, ऐन उघडा, पळसाला पान नाही, नुसती केशरी फुलं. वनखातं याला 'उष्णकटिबंधीय शुष्क पानझडी' म्हणतं. वेलीसुद्धा तशाच. पळसवेल आहे, माहूल आहे, जिच्या पानांच्या पत्रावळी होतात, आणि गुळवेल. उन्हाळ्यात गुळवेलीची पानं गळतात, दोरखंडासारखी खरखरीत साल राहते, कुणालाही वाटावं वाळून गेली. तुकडा तोडून कौलावर फेकून द्या, आणि पाऊस पडला की त्याला कोंब येतो. म्हणून तर तिचं दुसरं नाव अमृता. आपल्या उष्णकटिबंधातली वेल वर्षातले दोन-तीन महिने मेल्यासारखी दिसते. ते तिच्या जगण्याचं तंत्र आहे.

मग बारा महिने ओलं, हिरवंगार, गळकं नसलेलं असं हे 'ट्रॉपिकल' कुठून आलं? काचघरातून. इंग्लंडात १८४० च्या दशकात क्यू उद्यानात लोखंड आणि काचेचं प्रचंड पाम हाउस उभं राहिलं. १८४५ मध्ये तिथला काचेवरचा कर उठला, तसे श्रीमंतांनी घरोघर छोटी काचघरं बांधली. नॅथानिएल वॉर्ड या डॉक्टरने बंद काचेची पेटी शोधून काढली होती, तिच्यातून साम्राज्यभरची रोपं जहाजाने येऊ लागली. कोळसा जाळून वाफ करायची आणि त्या वाफेत वेली. बाहेर बर्फ. उष्णकटिबंध म्हणजे सदैव हिरवा, हे चित्र त्या काचेच्या आत तयार झालं. पुढे १९३० च्या दशकात अमेरिकेत, कॅलिफोर्नियात, दक्षिण समुद्रातल्या बेटांचा देखावा केलेले मद्यालयवजा उपाहारगृहांचे प्रकार निघाले: बांबू, खोटे माड, छताला वेली. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमध्ये गेलेले सैनिक परतले आणि ती टूम घरात शिरली. आजच्या गठ्ठ्यातली पानं ओळखून बघा. एक असतं मॉन्स्टेराचं, ते मेक्सिको-मध्य अमेरिकेचं. एक मनी प्लांटचं, ते मुळात ताहितीजवळच्या मूरेआ बेटाचं. आणि एक आयव्हीचं. आयव्ही तर युरोपातल्या थंड भिंतींवर चढणारी वेल, तिचा उष्णकटिबंधाशी संबंधच नाही! पळसवेलीचं पान त्यात मला अजून तरी दिसलेलं नाही. खऱ्या उष्णकटिबंधातल्या माणसाला काचघरातला उष्णकटिबंध विकला जातो आहे, आणि आपण दारात गुळवेल असताना तो विकत घेतो आहोत. याला मी हसतो, पण फार हसत नाही.

उरलेला इतिहास भराभर सांगतो. पॉलिथीन १९३३ मध्ये इंग्लंडातल्या आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत अपघाताने सापडलं. युद्धानंतर ते स्वस्त झालं. साच्यात दाबलं की पान, देठ, कळी, काय हवं ते एका दमात. इटलीत प्लास्टिकची फुलं निघत होती. ती कशी करतात हे शिकायला १९५७ मध्ये हाँगकाँगचा एक तरुण कारखानदार तिकडे गेला. ली का-शिंग त्याचं नाव. पुढे तो आशियातल्या सर्वांत श्रीमंत माणसांत गणला गेला. सुरुवात प्लास्टिकच्या फुलांची. आणि तिथेही, न्यूयॉर्कसारखंच, फुलं जोडण्याचं काम निर्वासितांच्या खोल्यांत, बायका आणि मुलांच्या हातांनी. १९६७ मध्ये हाँगकाँग हादरवून सोडणारी दंगल झाली, तिची ठिणगी सान पो काँग भागातल्या कृत्रिम फुलांच्या एका कारखान्यातल्या कामगारांच्या भांडणातून पडली. १९८० नंतर हे कारखाने चीनच्या मुख्य भूमीवर सरकले. आज यीवू शहराच्या घाऊक बाजारातून ही वेल निघते, आणि मोठ्या शहरांच्या घाऊक पेठांतून, आपल्याकडे नागपूरच्या इतवारीतून, छोट्या गावांपर्यंत येते. पानं बहुधा पॉलिएस्टर कापडाची. कापड चिकट द्रावणात कडक करायचं, थरावर थर रचून साच्याने कापायचं, तापलेल्या ठशात दाबून शिरा उमटवायच्या, आणि प्लास्टिकच्या देठावरच्या बोंडात एकेक पान खोचायचं. खोचायला अजूनही हात लागतात.

आपल्या राज्यात काय झालं? २३ मार्च २०१८ ला प्लास्टिक आणि थर्माकोलवर बंदीची अधिसूचना निघाली. थर्माकोलची मखरं करणारे कारागीर उच्च न्यायालयात गेले, त्या वर्षी गणपतीपुरती सूट मागितली, मिळाली नाही. १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरायच्या प्लास्टिकवर बंदी आली, त्या यादीत सजावटीचं थर्माकोल आहे. प्लास्टिकची फुलं नाहीत. झालं काय, थर्माकोलची कमान गेली आणि तिच्या जागी वेल आली! मग फूल उत्पादकांची संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेली, आणि प्लास्टिकची फुलं या यादीत का नाहीत, असं न्यायालयाने केंद्राला विचारलं. जुलै २०२५ मध्ये फलोत्पादनमंत्री भरत गोगावले यांनी विधानसभेत कृत्रिम फुलांवर बंदी आणू असं सांगितलं. शेतकऱ्याची अडचण खरी आहे. शेवंती, निशिगंध, झेंडू हा माल दोन दिवस थांबत नाही. दसऱ्याला भाव पडला की रस्त्यावर ओतलेला झेंडू आपण सगळ्यांनी बघितला आहे.

पण वेल विकत घेणाऱ्याचीही बाजू आहे, ती ऐकल्याशिवाय मी खाली बसणार नाही. फुलोरा कोण तळायचं? बायका. रात्रीचे दोन-दोन वाजेपर्यंत. आम्ही पोरं तुटलेल्या करंज्या खायचो आणि आई दुसऱ्या दिवशी सवाष्णींच्या पंगती वाढायची. ज्या बाईने दहा वर्षं हे केलं आणि अकराव्या वर्षी डझनाचा गठ्ठा आणून छताला अडकवला, तिला मी परंपरेचं व्याख्यान देणार नाही. शिवाय एकच वेल कुणी पंधरा वर्षं धुऊन-पुसून वापरली, तर तो काटकसरीचाच व्यवहार झाला. तसं घडत मात्र नाही. मांडव डेकोरेशनवाल्यांकडे जाऊन बघा. उन्हाने पानांचा रंग उडतो, धूळ शिरांत बसते ती निघत नाही, स्वस्त असल्यामुळे धुण्याच्या मजुरीपेक्षा नवीन घेणं परवडतं. मग ती नाल्यात जाते, तळ्यात जाते, नाहीतर जाळतात. वर विजेच्या माळा गुंफलेल्या असल्या तर हे कापड पेटायलाही वेळ लागत नाही. म्हणजे जिचा शेवट नाही अशी वस्तू आपण आणली, आणि वापरतो मात्र एका दिवसाच्या फुलासारखी. भेंडाच्या बाशिंगाला जेवढी वर्षं घरात मिळायची, तेवढीही हिला मिळत नाहीत. निर्माल्य विसर्जन करायला कुंड आहे. हिच्यासाठी काय आहे? ग्रामपंचायतीच्या कचरागाडीतही ती सुक्यात टाकायची की कशात, यावर भांडण होतं.

मागच्या रांगेतून चिठ्ठी आली आहे: "सर, मग गणपतीला काय लावायचं ते सांगा." रास्त आहे. मी स्वतः कागदाची वेल करतो, दरवर्षी, नातवंडांना घेऊन. कृती सोपी आहे. हिरव्या क्रेप कागदाची घडी घाला, पण चुण्या पानाच्या लांबीच्या दिशेने येतील अशी. आडव्या आल्या तर पान कोमेजल्यासारखं लोंबतं. पानाचा आकार पळसाचा घ्या, तीन-तीन पानांचा झुबका, आपल्या रानातलाच. मधली शीर म्हणून बारीक तार दोन कागदांच्या मध्ये चिकटवा. कडा बोटांनी हलकेच ताणल्या की पान आपोआप वळतं. खोडाला सुतळी, तिच्यावर कागदाची पट्टी तिरकी गुंडाळत न्यायची आणि वीत-वीतभर अंतरावर झुबके बांधत जायचं. दहा फुटी वेलीला दोन दुपारी लागतात. अकरा दिवस छान राहते. मग तार काढून घ्यायची आणि कागद खतात टाकायचा. गोदामात पडलेले कोषांचे तुकडे कुणाला मिळाले, तर आपल्या भंडाऱ्याच्या कोशाची फुलंही फार देखणी होतात. कोष उभा चिरून पाकळ्या काढायच्या, एवढंच.

चिकटवायला मैद्याची खळ. जुने लोक तिच्यात किडे लागू नयेत म्हणून चिमूटभर मोरचूद घालायचे. मोरचूद म्हणजे तांब्याचाच क्षार, आणि त्या लंडनच्या हिरव्या रंगाच्या नात्यातला. अकरा दिवसांच्या वेलीला किड्यांची भीती नाही, तेव्हा मोरचूद घालू नका. घातलाच, तर हात धुतल्याशिवाय जेवायला बसू नका आणि लहान लेकरांना खळीच्या भांड्यापाशी फिरकू देऊ नका.